जागा झालेला हात

आमच्या वस्तीत स्वप्न पडलं की आधी तोंड धुवायचं आणि मग वाटेत कुणाशी एक शब्द न बोलता एमामा अस्कालूकडे जायचं, अशी रीत होती. पहिला ऐकणारा स्वप्नाला जे म्हणेल तेच पुढे घडतं, असं आमच्याकडे मानतात. 'जसा उलगडणारा, तसं स्वप्न' ही म्हण आम्ही इंजेराच्या घासाबरोबर गिळलेली. म्हणून स्वप्न सांगायला माणूस पारखून घ्यावा लागतो. एखाद्या कुचकट शेजारणीला सांगितलंत, तर मग भोगा.

एमामा ही आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला मारायची हाक. या एमामाने उभ्या जन्मात एकाही स्वप्नाचा वाईट अर्थ सांगितला नव्हता. साप दिसला तर नातू होणार. दात पडला तर जुनं दुखणं पडलं. घर जळालं तर अंगणात पाहुणे. एकदा मी वैतागून म्हणालो, "एमामा, तू सरळ सरळ खोटं बोलतेस."

"खोटं नाही रे डासा," ती म्हणाली. "मी आधी बोलते. खरं मागून येतं."

डास हे तिने मला ठेवलेलं नाव. माझं खरं नाव सिसाय. वस्तीच्या कुंपणापलीकडे कुष्ठरोगाचं इस्पितळ आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी लोकांच्या बोटांना टोचून रक्ताचे थेंब गोळा करतो, म्हणून डास. माझे आईबाप याच इस्पितळात बरे झाले आणि कुंपणाला लागून राहिले. आमची अर्धी वस्ती अशीच राहिलेली.

अस्कालूची खोली निलगिरीच्या झाडांखाली होती. सकाळी धुकं पार जमिनीपर्यंत उतरलेलं असायचं. त्यात तिच्या कॉफीच्या भाजणीचा धूर मिसळायचा, वर उदाचा धूर, आणि त्या पांढुरक्या पसाऱ्यात नेतेला म्हणतात त्या पांढऱ्या शाली पांघरलेल्या बाया आपापलं स्वप्न मुठीत धरल्यागत गप्प बसलेल्या असायच्या. मी तसा चिडका माणूस आहे. पण तिथे गेलो की माझा आवाज आपोआप खाली यायचा, आणि आपण अजून अंथरुणातच आहोत की काय असं वाटायचं.

ती सत्तरीची, अंगाने मूठभर. उजव्या हाताची बोटं झिजलेली, पण हात कामाचा. डावा मात्र मिटलेला. बोटं तळव्यात घट्ट वळलेली, आत गवताची काडीसुद्धा जाऊ नये इतकी. तो हात ती कायम नेतेलाच्या आत ठेवायची. सोळाव्या वर्षी वोल्लोच्या डोंगरातून एकटी चालत आली होती. घरच्यांनी आधी ताट वेगळं केलं, मग अंथरूण वेगळं केलं, तेव्हा हिनेच वाट वेगळी केली. इथे बरी झाली, लग्न केलं, पुढे नवऱ्याला पुरलं, मूल झालं नाही. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. हाताचं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आमच्या वस्तीत कुणी कुणाला हाताबद्दल विचारत नाही.

आता आजाराबद्दल दोन शब्द सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. औषधांनी या रोगाचे जंतू वर्षभरात मरतात. पण मेलेल्या जंतूंवरचा शरीराचा राग जात नाही. तो कधीतरी अचानक उफाळतो आणि त्या रागाच्या भरात शरीर स्वतःच्याच नसा जाळतं. डॉक्टर त्याला रिअॅक्शन म्हणतात. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर हात वाचतो. आठ-दहा दिवस उशीर झाला, तर पुष्कळदा नाही वाचत.

आणि नेमकी इथेच आमची माणसं फसतात. इतर लोक दुखलं की डॉक्टरकडे पळतात. आमच्याकडे ज्या हाताला वर्षानुवर्षं निखारा कळलेला नाही, त्या हातात एक दिवस कळ येते. मग माणूस हरखून जातो. 'हात जागा झाला,' म्हणतो. जागा झालेला हात कुणाला सांगायचाही नसतो, दृष्ट लागते. आधी नवस फेडायचा, मग सांगायचं. नवस फेडून येईस्तोवर हात गेलेला असतो. अशा किती जणांच्या आनंदावर मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलंय, सांगता सोय नाही.

डॉक्टर हिरुत या आमच्या बाईंनी अभ्यास सुरू केला तो यासाठीच. "दूध उतू जाण्याआधी कडेला बुडबुडे येतात ना," त्या मला म्हणाल्या, "ते बुडबुडे आपल्याला रक्तात शोधायचेत." शरीर आतून चिडलं की रक्तात काही पदार्थ वाढतात. थेंबभर रक्त एका कागदी पट्टीवर सोडायचं, तासाभराने पट्टीवर रेघा उमटतात, आणि डब्याएवढं यंत्र त्या रेघा वाचतं. एक रेघ आमच्या खास भरवशाची होती. पण पट्टी अजून स्वतःच परीक्षेला बसलेली. तिचा निकाल लागेपर्यंत ती काय म्हणते ते पेशंटला सांगायचं नाही, आणि तपासणाऱ्यालाही नाही, असा नियम होता. मी त्यावर सही केली होती.

चार-पाच महिने गेले आणि माझ्या एक गोष्ट ध्यानात यायला लागली. तारीख नसताना मधूनच कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "एमामाने पाठवलंय. स्वप्न चांगलं आहे, पण पक्कं व्हायला डासाला एक थेंब द्यावा लागेल म्हणाली." आणि अशा माणसाची रेघ हमखास चढलेली असायची. रक्त दिलेल्या प्रत्येकाच्या नसा तपासल्या जायच्या, तिथेच त्याचं दुखणं पकडलं जायचं. परदेशातून आलेल्या यंत्राआधी ही कॉफीवाली म्हातारी कशी काय सांगते, या विचाराने माझा जळफळाट व्हायचा.

एकदा मुद्दाम जाऊन बसलो. एक बाई सांगत होती, तिच्या हातावर मधमाश्यांचं पोळं लागलंय आणि मध कोपरापर्यंत ओघळतोय, गरम. दुसरा म्हणाला, तो हाताने सूर्य भाजतोय, जसे आपण मक्याचे दाणे भाजतो. अस्कालू ऐकत होती आणि प्रत्येकाच्या हातात कॉफीची सिनी देत होती. सिनीला कान नसतो. ज्याला चटका कळतो तो तिला वरच्या कडेला दोन बोटांनी धरतो. ज्याला कळत नाही तो खुशाल तळव्यात घेऊन बसतो.

"बघितलंस?" सगळे गेल्यावर ती म्हणाली. "मेलेल्या हाताची स्वप्नं पडत नाहीत डासा. ज्याला हाताचं स्वप्न पडतं, त्याचा हात रात्रभर आतून काहीतरी बोलत असतो. आणि सकाळी माझी सिनी तो वेगळी धरतो."

"मग त्यांना खरं सांगून टाक ना."

"मी वाईट बोलले आणि तसंच झालं, तर तो हात मी मारला. तुझ्याकडे पाठवते ते काय कमी आहे?"



ताहसास महिन्यात बोगाले रक्त द्यायला आला. बोगाले विणकर. आमच्याकडे पांढऱ्या कापडाला रंगीत काठ विणतात, त्याला तिबेब म्हणतात, आणि बोगालेसारखा तिबेब चार वस्त्यांत कुणाचा नव्हता. रोगाची औषधं आठ महिने चालू होती. उजव्या हाताला स्पर्श कमी, पण जोर शाबूत. धोटा असा सोडायचा की बघत बसावं. त्याचं घर, त्याची बायको वर्के, त्याची ऐट, सगळं त्या एका हातावर उभं होतं.

मी त्याच्या करंगळीला टोचलं आणि त्याचा हात दचकला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"दुखलं?" मी विचारलं.

"छे." पण गडी हसत होता.

मग तो तपासणीला गेला. तपासणाऱ्याने कोपराच्या आतली नस दाबली. बोगालेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलेलं मला दारातून दिसलं. "दुखतं का?" "मुळीच नाही." बोटांचा जोर बघितला, जोर पूर्ण. कागदावर सगळं ठीक. जाताना फाटकापाशी म्हणाला, "उद्या सकाळच्या बसने कुलुबीला निघतो. तिथल्या देवळात देवदूत गब्रिएलला नवस आहे. दहा दिवसांत येतो." आणि गाणं गुणगुणत निघून गेला.

तासाभराने यंत्राने त्याची पट्टी वाचली. रेघ इतकी चढली होती की मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. डॉक्टर हिरुत त्या आठवड्यात गावाला नव्हत्या. माझ्या सहीचा कागद समोर भिंतीवर लावलेला होता. दहा दिवस, आणि हा माणूस सगळं ठीक म्हणून सांगून मोकळा झालेला. त्या संध्याकाळी मला त्याचा इतका राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

मी अस्कालूकडे गेलो आणि एवढंच विचारलं, "एमामा, बोगालेने तुला हल्ली काही स्वप्न सांगितलं का?"

तिचा हात थांबला. "नाही." मग तिने माझा चेहरा वाचला. "फार चांगलं पडलं असणार. फार चांगलं स्वप्न माणूस कुणाला उलगडू देत नाही."

मी नियम मोडला नव्हता. नुसता प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती कॉफी उकळायचा मातीचा जेबेना, कच्ची कॉफी आणि सहा सिन्या टोपलीत घालून निघाली. टोपली मी उचलली. बोगालेच्या घरात मागाच्या खड्ड्याजवळ गाठोडं बांधून तयार होतं. धुकं दारातून आत आलं होतं आणि मागावरचं अर्धं कापड त्यात तरंगत असल्यासारखं दिसत होतं.

"वर्के, शेगडी पेटव," अस्कालू बसत म्हणाली. "प्रवासाला निघालेल्या माणसाला मी कॉफी पाजणार."

"एमामा, बस सुटेल," बोगाले म्हणाला.

"बसला ड्रायव्हर आहे. कॉफीला मी आहे."

आता कॉफी म्हणजे काय, दाणे धुवायचे, भाजायचे, कुटायचे, उकळायचे, आणि तीन फेऱ्या. तिसरी फेरी आशीर्वादाची. ती न घेता उठलेल्या माणसाचं काम होत नाही, आणि नवसाला निघालेला माणूस ती टाळूच शकत नाही. बोगाले चरफडत बसला. मला म्हणाला, "आणि तू कशाला आलायस?"

"टोपली जड होती," मी म्हणालो.

पहिली फेरी. अस्कालूने काठोकाठ भरलेली सिनी त्याच्या तळव्यात ठेवली. त्याने ती झटकन खाली ठेवली आणि हात मांडीला पुसला. वर्केने ते पाहिलं आणि तिच्या तोंडावर हसू फुटलं. तिला माहीत होतं.

"किती दिवस झाले?" अस्कालूने विचारलं.

बोगालेच्याने राहवेना. "सहा. आणि एमामा, आई येते गं. रोज येते. मी लहान आहे, नदीला पूर आलाय, आणि ती माझा हात धरून पलीकडे नेतेय. तिच्या बोटातली अंगठी टोचते मला. गरम हात. तीस वर्षं झाली तिला जाऊन. जाग आली की हात तसाच गरम असतो." त्याने उजवा हात छातीशी धरला. "हे उलगडायला कशाला हवंय कुणी?"

"नकोच," ती म्हणाली. "तू माझं उलगड. मलाही एक स्वप्न पडलंय."

दुसरी फेरी ओतत ती बोलायला लागली. आवाज इतका हळू की आम्ही सगळे पुढे सरकलो.

"एक मुलगी आहे. वीस-एकवीस वर्षांची, नुकतं लग्न झालेली. दोन वर्षं तिच्या डाव्या हाताला काही कळत नाहीये. एका सकाळी ती सिनी उचलते आणि चटका बसतो. ती ओरडते, नाचते, जीभ नाचवत आनंदाची इलिल्ता घालते. गल्लीभर इलिल्ता. बायका धावत येतात, मक्याच्या लाह्या उधळतात. कोपरात कळ येते तेव्हा ती हसते. रात्री झोप नाही, तरी हसते. नवऱ्याला म्हणते, डॉक्टरला सांगू नकोस, दृष्ट लागेल. आठ दिवस तिच्याइतकं सुखी कुणी नाही. सांग बोगाले, चांगलं की वाईट?"

"चांगलं," तो म्हणाला. "बरी झाली ती."

अस्कालूने नेतेला बाजूला केली आणि तो मिटलेला हात त्याच्या उघड्या तळव्यात ठेवला.

"दहाव्या दिवशी हा असा झाला. तो जागा झाला नव्हता रे. जाताना दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि मी लाह्या उधळत बसले. त्यानंतर मी कधी इलिल्ता घातली नाही. कुणाच्या लग्नात नाही, कुणाच्या बारशाला नाही. तुझ्या लग्नात तरी ऐकलीस?"

शेगडीवर जेबेना कुरकुरत होता. वर्केच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मागावरच्या कापडाकडे बघत होतो, कारण पन्नास वर्षं त्या हाताशेजारी राहून आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

"मी वाईट सांगत नाही," अस्कालू म्हणाली. "तू चांगलं म्हणालास ना? मग आता ते चांगलं करून दाखव."

तिसरी फेरी झाली. बोगालेने आशीर्वादाची सिनी डाव्या हाताने घेतली, संपवली, आणि उजवं कोपर माझ्यापुढे केलं. "इथं दुखतं," तो म्हणाला. "फार दुखतं." बस केव्हाच सुटली होती.

त्याच सकाळी गोळ्या सुरू झाल्या. तो उपासाचा महिना होता. या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात, म्हणून पाद्र्याने त्याला उपासातून मोकळं केलं. गोळ्यांनी तोंड सुजून टोपलीएवढं झालं. तीन आठवड्यांत कळ थांबली. हाताचा जोर जसाच्या तसा राहिला, धोटा पूर्वीसारखाच पळायला लागला. आणि हात पुन्हा गार पडला. आई यायची बंद झाली.

लोकांना वाटेल तो अस्कालूच्या पायांवर लोळण घेईल. कसलं काय. तो तिच्याशी बोलेना. "हात ठेवलात, पण आईला हाकललंत," असं मला तोंडावर म्हणाला. मी चिडलो खरा, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अस्कालूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "रागावू दे. रागावलेला माणूस विणतो चांगलं." आणि खरंच, त्या वर्षीचे त्याचे काठ लोक लांबून बघायला यायचे.

पावसाळा संपला. मस्कलची पिवळी फुलं माळावर आली तेव्हा बोगाले एक दिवस न बोलावता तिच्या खोलीत येऊन बसला. तिनेही जणू कालच भेटल्यासारखी सिनी पुढे केली. त्याने ती तळव्यात धरली, आरामात. मग रोज यायला लागला. रोज तळव्यात.

आणि महिन्याभराने एका सकाळी त्याने सिनी खाली ठेवली.

"एमामा," तो म्हणाला, "थोडं गरम लागतंय."

तिथे बसलेल्या बायका सांगतात, अस्कालूचा चेहरा राखेसारखा झाला. जेबेना उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. त्याची बाही धरून ती त्याला ओढत इस्पितळात घेऊन आली. बरी होऊन गेल्यापासून त्या दारातून ती पहिल्यांदाच आत आली असेल.

"डासा, याचं रक्त काढ."

मी करंगळीला टोचलं. "आई गं!" बोगाले ओरडला, आणि त्या शब्दावर आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मी त्याला तपासणीला पाठवलं. कोपरातली नस दाबली, काही नाही. पुन्हा दाबली. खरंच काही नाही, शपथ घेऊन काही नाही. रात्री झोप लागते. स्वप्नं पडत नाहीत.

पट्टीला तास लागतो. तो तासभर अस्कालू माझ्यासमोरच्या बाकावर बसून होती. डावा हात नेतेलाच्या बाहेर होता, मांडीवर. खिडकीतून धुकं विरताना दिसत होतं आणि ती काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक प्रार्थना. ही कळ कसली आहे ते तिला कळत नव्हतं. जाणाऱ्या हाताची कळ ती मैलावरून ओळखायची. परत येणाऱ्या हाताची तिने कधी बघितलीच नव्हती.

यंत्राने पट्टी वाचली. रेघ पार खाली होती. शरीर कुणावरही रागावलेलं नव्हतं. नस तिच्या तिच्या सावकाश चालीने बरी होत होती.

"बोल," अस्कालू म्हणाली. "चांगलं की वाईट?"

माझ्या डोक्यावरच माझी सही लटकत होती. पट्टीची परीक्षा अजून चालूच होती आणि डॉक्टर हिरुतना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण त्या बाईने आयुष्यभर सगळ्यांची स्वप्नं उलगडली होती, आणि आज पहिल्यांदा ती स्वतः कुणाकडे तरी खरोखर उलगडून घ्यायला आली होती.

"चांगलं," मी म्हणालो. "हा खरंच जागा झालाय."

तिने डोळे बारीक केले. "हे तू आधी बोलतोयस, की खरं झाल्यावर?"

"खरं झाल्यावर, एमामा."

ती उठली. बोगालेचा उजवा हात तिने आपल्या झिजलेल्या हातात घेतला आणि दाबला, आणि त्याने परत दाबला. मग तिने तो मिटलेला हात तोंडाशी नेला आणि इलिल्ता घातली. आवाज म्हातारा होता, मधेच तुटला. तिने श्वास घेतला आणि पुन्हा घातली.